हाडात शिरलेली चाल

आमच्या गावात वर्षातून एक दिवस असा येतो की भली भली माणसं भर रस्त्यात डोलतात आणि त्यांना कुणी वेडं म्हणत नाही. गुड फ्रायडेला दुपारी चर्चचं दार उघडतं. पांढरे झगे घातलेले, डोक्यावरून हनुवटीच्या खालपर्यंत टोपडी ओढलेले, अनवाणी पुरुष जोडीजोडीनं बाहेर पडतात आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे डोलत पुढे सरकतात. सरकतात म्हणायचं आपलं. चर्चपासून बंदरापर्यंतचा रस्ता एरवी माणूस एक सिगरेट ओढेपर्यंत चालून जातो, ह्यांना जायला संध्याकाळ होते. म्हाताऱ्या डोळे पुसतात. परगावी गेलेले लोक रजा काढून येतात. ही डोलती चाल म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात पवित्र काय ते, आणि म्हणूनच एरवी वर्षभर ती कुणी चालायची नाही. पोरांनी खेळात नक्कल केली तर पाठीत धपाटा बसतो. आम्ही सगळ्यांनीच तो खाल्लेला आहे.

अशा गावात कोसिमाची डोनाता जन्माला आली.

डोनाता झुलायची. बसता यायला लागल्यापासून झुलायची. उंबऱ्यावर, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, चर्चच्या बाकावर, जिथं टेकेल तिथं पुढे-मागे, पुढे-मागे, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर अशी तृप्ती असायची की बघणाऱ्याला हेवा वाटावा. बोलणं फारसं नाही. आई बंदरावर शिंपले सोलते, तिथली आरोळी तेवढी तिनं उचलली होती. "ताजे, ताजे, ताजे," असं एका सुरात तास तास चालायचं. खिडकीच्या कठड्यावर शिंपल्यांची रांग लावायची, सगळ्यांची पोटं वर, आणि एखादं कुणी पालथं केलं की घर डोक्यावर घ्यायची. पाचवं लागलं तरी असंच.

कोसिमा काही हातावर हात ठेवून बसलेली बाई नव्हती. नवरा तेओदोरो मालवाहू बोटीवर, महिनोन् महिने घरी नाही. ती एकटी पोरीला घेऊन शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोनाताबरोबर जमिनीवर बसून बराच वेळ घालवला आणि मग नीट समजावून सांगितलं. पोरीच्या मेंदूची वाढ वेगळ्या वाटेनं चाललीय, ह्याला ऑटिझम म्हणतात, कुणाच्या चुकीनं झालेलं नाही. बोलायला, खेळायला शिकवू, वेळ लागेल. आणि झुलण्याचं काय, असं कोसिमानं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या की त्याला हात लावू नका. आवाज फार झाले, माणसं फार झाली की तिचा जीव घाबरतो, झुललं की थाऱ्यावर येतो. स्वतःला चावायला लागली, डोकं आपटायला लागली, तर मला फोन करा. झुलते तेवढी झुलू द्या.

कोसिमा घरी आली ती जरा हलकी होऊन. निदान काय आहे ते कळलं होतं. पण गावाला काय आहे ते आधीच कळलेलं होतं, त्याला डॉक्टरीण कशाला हवी.

समोरच्या घरातली फिलोमेना मावशी ही आमच्या गल्लीची बातमीदार. तिनं फार पूर्वी एक गोष्ट पाहिली होती. डोनाता तान्ही असताना पोटदुखीनं रडायची, तेव्हा तिचा आजोबा, कोसिमाचा बाप, तिला खांद्यावर टाकून घराच्या बोळात येरझाऱ्या घालायचा आणि त्या येरझाऱ्या साध्या नसायच्या. म्हातारा डोलती चाल चालायचा. भर ऑगस्टात. पोर लगेच झोपायची. पुढे पोर झुलायला लागली तसं मावशीनं दोनात दोन मिळवले. आजोबानं नको त्या दिवसांत पवित्र चाल चालली, ती बाळाच्या हाडात शिरली, आता कशी निघणार? हे तिनं मासळीबाजारात सांगितलं, बेकरीत सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर तर रोजच सांगितलं. हसू नका. ज्या गावात चालीचं एवढं प्रस्थ आहे, तिथं हीच गोष्ट सगळ्यांना पटते. दुसऱ्या गावात म्हणाले असते भुतानं झपाटलं, नाहीतर आईनं लाडावून ठेवली. आमच्याकडे म्हणाले चाल शिरली.

आजोबा म्हणजे वितांतोनियो मेस्त्री. होड्या बांधायचा, आता हात कापतात म्हणून घरी. बायको गेल्यापासून लेकीकडे राहायचा. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे एकच माणूस चालतो, त्याच्या हातात लोखंडी कड्या ठोकलेली लाकडी फळी असते. तिला आम्ही खटखटा म्हणतो. ती वाजली की मिरवणूक सरकायची, वाजली नाही तर उभ्या जागी डोलत राहायची. तो खटखटा मेस्त्रींच्या हातात कित्येक वर्षं होता. ह्याहून मोठा मान गावात नाही, महापौराला नाही. आता अशा माणसाच्या घरातली पोर वर्षभर, तीही सगळ्यांच्या देखत, पवित्र चालीची थट्टा करते म्हटल्यावर माणूस किती दिवस मान वर करून फिरणार?

मेस्त्रींचा नातीवर जीव होता, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना राक्षस ठरवाल. राक्षस नव्हते. पापभीरू होते, आणि पापभीरू माणूस कधी कधी राक्षसापेक्षा जड जातो.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस सुरू झाले आणि बालवाडीतल्या सिस्टर ऑर्सोलांनी कोसिमाला बोलावून घेतलं. बाई गोड बोलायच्या. म्हणाल्या की डोनाताचं बघून बाकीची मुलंही झुलायला लागली आहेत, आईबाप तक्रार करतात, एरवीचं ठीक आहे गं, पण ह्या दिवसांत बरं दिसत नाही. ईस्टर होईपर्यंत तिला घरीच ठेव. नंतर बघू. त्या "नंतर बघू"चा अर्थ कोसिमाला न कळण्याइतकी ती दुधखुळी नव्हती. तिनं विचारलं की मुलं झुलली तर बिघडलं काय. सिस्टर म्हणाल्या, माझं काहीच नाही गं, पण लोक.

कोसिमाला कामावर जाणं भाग होतं. उपासाच्या दिवसांत आमच्याकडे मटण बंद, शिंपल्यांना मागणी फार, बंदरावरच्या शेडमध्ये सुरी खाली ठेवायला फुरसत नाही. बापानं आपणहून सांगितलं की पोरीला मी सांभाळतो. कोसिमाला बरं वाटलं. म्हातारा विझलेला असतो, त्याला विरंगुळा होईल असंही तिच्या मनात आलं.

काही दिवसांनी तिच्या ध्यानात यायला लागलं की डोनाता बदललीय. संध्याकाळी कोसिमा घरात शिरली की पोर धावत येऊन तिच्या पोटात डोकं खुपसायची आणि तशीच झुलायला लागायची, जोरजोरात, उपाशी माणूस जेवतो तसं. आणि मनगटावर दातांचे वण. डोनाता पूर्वी कधीच स्वतःला चावत नसे. बापाला विचारलं तर म्हणाला, दात शिवशिवत असतील, मुलं चावतात.

मग एके दिवशी शेडमधलं पाण्याचं यंत्र बिघडलं म्हणून बायकांना दुपारीच सोडलं. कोसिमा घरी आली. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. रस्त्याकडच्या खिडकीच्या झडपा बंद होत्या, मागच्या खोलीतून मेस्त्रींच्या प्रार्थनेची पुटपुट ऐकू येत होती. तिनं दार ढकललं.

डोनाता उंच पाठीच्या खुर्चीत होती. छातीवरून आणि दंडांवरून दोरी घेऊन तिला खुर्चीच्या पाठीला बांधलेलं होतं. दोरी पांढरी, जाड, टोकांना गोंडे असलेली. मिरवणुकीच्या झग्यावर कमरेला बांधतात ती, बिशपनं आशीर्वाद दिलेली. काचू नये म्हणून खाली टॉवेल घातला होता. एवढी काळजी घेतली होती म्हाताऱ्यानं. पोरीचं मनगट तोंडात होतं आणि डोळे भिंतीवर. ती रडत नव्हती.

कोसिमानं दोरी सोडली नाही, शिंपल्याच्या सुरीनं कापायला निघाली. मेस्त्रींनी तिचा हात धरला. आशीर्वादाची दोरी कापायची नसते. मग त्यांनी स्वतःच गाठी सोडल्या, कापऱ्या हातांनी, आणि ह्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात कोसिमाच्या तोंडून काय काय निघालं ते मी इथं लिहिणार नाही. बापाला कुणी तसं बोलत नाही. पण बापही असं करत नाही.

"आवाज चढवू नकोस," मेस्त्री म्हणाले. "तिला काही इजा नाही. पहिल्यांदा रडायची. आता गप्प बसते. आज तर अर्धी दुपार हलली नाही. माझी प्रार्थना पोचतेय, कोसिमा."

"ती गप्प नाही बसली, बाबा. ती दमली."

डोनाता खाली उतरून भिंतीपाशी बसली होती आणि झुलत होती. पाठ भिंतीवर आपटत होती, धप, धप. कोसिमानं तिच्या आणि भिंतीच्या मध्ये उशी ठेवली.

मेस्त्री खाटेवर बसले. मग त्यांनी एकदाचं सगळं सांगितलं. फिलोमेना म्हणते त्यात खोटं काय आहे? चाललो होतो ना मी ऑगस्टात? पोर रडायची, मला दुसरं काही सुचेना, पाय आपोआप ती चाल धरायचे. मी घातली चाल तिच्या अंगात, मलाच काढली पाहिजे. गुड फ्रायडेपर्यंत तिचं अंग स्थिर ठेवलं, चाल नजरेला पडू दिली नाही, तर जिथून आली तिथं परत जाईल. आणि सावेरियोनंही बजावलंय. सावेरियो म्हणजे औषधाच्या दुकानाचा मालक आणि मिरवणूक काढणाऱ्या मंडळाचा कारभारी. मिरवणुकीच्या दिवशी काळा सूट घालून, चांदीच्या मुठीची काठी घेऊन रांगेच्या कडेकडेनं फिरतो तो. त्यानं सांगितलं होतं की खटखटा हातात राहायला हवा असेल तर शुक्रवारी तुमच्या घराच्या झडपा बंद पाहिजेत. पोर दिसता कामा नये.

कोसिमा ऐकत होती आणि तिचा राग एका जागी गोळा होत होता. खरं सांगायचं तर तिला बापाची दयाही आली. इतकी वर्षं हा माणूस स्वतःला गुन्हेगार समजत एकाच घरात वावरत होता आणि तिला पत्ता नाही. पण दया आली म्हणून काही राग जात नसतो.

"बाबा, तुमची चाल कशी आहे? डावी-उजवी. बरोबर?"

मेस्त्रींनी मान हलवली.

"आणि ती बघा कशी झुलते. पुढे-मागे. इतकी वर्षं सगळ्यांच्या पुढे चालताय, एवढं नाही दिसलं तुम्हाला? अख्ख्या गावाला नाही दिसलं? तिनं तुमचं काही चोरलेलं नाही. ते तिचं आहे."

मेस्त्री नातीकडे बघत राहिले. त्यांना ते दिसलं, हे कोसिमाला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण दिसलेलं मान्य करणं ही वेगळी गोष्ट, आणि मेस्त्रींच्या वयाला तर फारच वेगळी. शेवटी ते एवढंच म्हणाले की शुक्रवारी झडपा बंद ठेव, एका दिवसाचा प्रश्न आहे, तुझ्या बापासाठी एवढं कर.

"शुक्रवारी ती दारात बसेल," कोसिमा म्हणाली. "पहिल्या रांगेत."

"मग मला बाप म्हणू नकोस."

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

मेस्त्रींनी झगा, टोपडं आणि ती दोरी पिशवीत भरली आणि मंडळाच्या घरात राहायला गेले. उपासाच्या शेवटच्या आठवड्यात मिरवणुकीचा पुढारी तिथंच राहतो, तेव्हा गावाला काही वावगं वाटलं नाही.

तो आठवडा कोसिमानं पोरीला शेडमध्ये नेलं. मुकादमीण कुरकुरली, मग तिनंच एक उलटं खोकं आणून दिलं. डोनाता खोक्यावर बसायची, पायांशी शिंपल्यांच्या रांगा लावायची आणि झुलायची. त्या बायका शिंपले सोलताना पुढे-मागे हलतातच, सुरीला जोर द्यायला तसं हलावंच लागतं, त्यामुळे तिथं डोनाता उठून दिसायचीच नाही. ग्रात्सिएल्ला नावाची एक फटकळ बाई आहे, ती म्हणाली की ह्या पोरीचा पगार चालू करा, आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त हलते. बायका हसल्या. कोसिमाही हसली, कितीतरी दिवसांनी. मनगटावरचे वण हळूहळू पिवळे पडायला लागले.

पण ग्रात्सिएल्लानंच जाता जाता तिला बाजूला घेऊन सांगितलं, शुक्रवारचा विचार कर बाई. बंदरावर मर्जी तुझी, पण तो दिवस त्यांचा आहे. एकदा का मिरवणुकीसमोर पोरीला थट्टेखोर ठरवलं की बालवाडी विसर, पहिलीत घालायलासुद्धा तुला शहरात जावं लागेल. कोसिमाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिचं रात्री त्यावर डोकं फोडून झालं होतं. एकदा झडप बंद केली की ती दर वर्षी बंद करावी लागणार. मग पाहुणे आले की बंद, लग्नकार्य असलं की बंद, आणि पोर मागच्या खोलीत मोठी होणार. आमच्या गावात अशा मागच्या खोल्या आहेत. कोण आहे त्यांत ते सगळ्यांना माहीत असतं, आणि सणाला तिथं गोडाचं ताट पाठवून लोक मोकळे होतात.

शुक्रवारी दुपारी कोसिमानं रस्त्याकडच्या झडपा सताड उघडल्या. डोनाताला निळा फ्रॉक घातला. दाराबाहेर, अगदी रस्त्याच्या कडेला, स्वयंपाकघरातली बुटकी खुर्ची ठेवली आणि पोरीला तिच्यात बसवलं. समोरच्या गच्चीतून फिलोमेना मावशीनं हे पाहिलं आणि लगेच आत जाऊन कुणाला तरी फोन केला.

गर्दी जमली. दोन्ही बाजूंना माणसं, पण डोनाताच्या खुर्चीभोवती जागा मोकळी राहिली. खरूज झालेल्या माणसाभोवती राहते तशी. कोसिमा खुर्चीमागे उभी होती. लोकांचं तिला भय नव्हतं, भय होतं ते खटखट्याच्या आवाजाचं. पोर त्या आवाजानं बिथरून किंचाळली तर? तर सगळेच म्हणायला मोकळे.

वळणावर पहिली खटखट झाली. डोनातानं दोन्ही कान दाबले. मग मिरवणूक नजरेत आली, पांढरी, संथ, डावी-उजवी. सगळ्यांच्या पुढे एकटा खटखटेवाला. त्याच्या तोंडावर टोपडं, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. टोपड्याआड कोण आहे ते विचारायचं नाही आणि त्यानं चर्चमध्ये परतेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा रिवाज आहे. पण कोसिमाला पाय दिसत होते. होड्या बांधताना तासणी बसून चपटा झालेला तो अंगठा ती लहानपणापासून ओळखत होती.

डोनातानं कानांवरचे हात काढले. समोरची माणसं हलत होती, तिला बरं वाटलं असावं. ती झुलायला लागली. पुढे-मागे, पुढे-मागे, चेहऱ्यावर तीच जुनी तृप्ती. खुर्चीचे पाय फरशीवर वाजायला लागले. मिरवणूक शोकाच्या सुरावर डोलत होती आणि पोर स्वतःच्या तालात, त्यांच्याशी बिलकुल न जुळणाऱ्या. गर्दीतून कुणीतरी शरम नाही का असं म्हणालं. कुणीतरी पोरीच्या आईलाच बदडायला पाहिजे असं म्हणालं.

खटखटेवाला घरासमोर आला आणि थांबला. म्हणजे पुढे सरकायचा थांबला, जागेवर डोलत होता. मागच्या जोड्याही जागेवर डोलायला लागल्या. सावेरियो काठी टेकत लगबगीनं आला. तो मोठ्यानं बोलला नाही, अशी माणसं मोठ्यानं बोलत नाहीत.

"पोरीला आत ने, कोसिमा. तमाशा नकोय."

"ती बघायला बसलीय. सगळे बसलेत तशी."

"मग तिला थांबव."

"आधी ह्यांना थांबवा," कोसिमा म्हणाली. "मग मला सांगा."

इथं मात्र तिचा आवाज एवढा चढला की दोन्ही बाजूंची कुजबुज बंद झाली. सावेरियोनं खटखटेवाल्याकडे पाहिलं, पुढे चला अशी मान केली. खटखटा वाजला नाही. मग कोसिमा खुर्चीमागून पुढे आली आणि त्या दोन भोकांकडे बघून बोलली. टोपड्याआडच्या माणसाला भर रस्त्यात बाप म्हणायचं नसतं. ती म्हणाली.

"बाबा, मी हिला सोडवून आणलीय. परत बांधायची असेल तर इथं बांधा. मागच्या खोलीत नाही, सगळ्या गावासमोर. दोरी तुमच्या कमरेलाच आहे."

आता सगळ्यांना कळलं. फिलोमेना मावशीनं गच्चीत छातीवर क्रुसाची खूण केली. मेस्त्रींचे पाय बघत होती कोसिमा, दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच. डावा टेकला. उजवा टेकला. मग दोन्ही पाय फरशीवर शेजारी शेजारी टेकले आणि तिथंच राहिले.

खटखटेवाला डोलायचा थांबला. असं कधी झालेलं नाही. चर्चमधून निघाल्यापासून परत येईपर्यंत हे अंग थांबत नाही, पाऊस आला, माणूस चक्कर येऊन पडला तरी बाकीचे थांबत नाहीत. पण पुढारी थांबल्यावर पहिली जोडी गोंधळली आणि थांबली, तिचं बघून दुसरी थांबली, आणि मागे वळणापर्यंत एकेक टोपडं स्थिर होत गेलं. सगळ्यात शेवटी बँडवाल्यांचा सूर मध्येच तुटला. मूर्ती खांद्यावर घेतलेले लोक काय झालं ते कळेना म्हणून माना लांब करून बघायला लागले. अख्ख्या रस्त्यावर हलत होती ती एकटी डोनाता. खुर्चीचे पाय टक, टक, टक.

सावेरियो बावळट नव्हता. एवढ्या गोंधळातही त्याला आपली संधी दिसली. तो कोसिमाकडे वळला, आणि पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"थांबले सगळे. तूच म्हणालीस ना? घे. आता हिला थांबव."

गर्दी कोसिमाकडे बघायला लागली. शब्द तिचाच होता, हे तिलाही कळत होतं. तिनं पोरीच्या खांद्यांकडे हात नेले. मेस्त्रींचं टोपडं किंचित पुढे झुकलं. क्षणभर सगळ्यांना वाटलं की बाईनं हार मानली, आता आत नेईल, झडपा लावेल.

कोसिमानं हात मागे घेतले आणि डोनाताच्या शेजारी फरशीवर फतकल मारली. चांगला काळा झगा होता अंगावर, आईच्या वेळचा. पहिल्यांदा तिला जमेना, पोरीचा ताल तिनं कधी नीट पाहिलाच नव्हता असं तिच्या लक्षात आलं. मग जमलं. पुढे-मागे, पुढे-मागे, एवढी मोठी बाई, सगळ्या गावासमोर. डोनातानं एकदा वळून आईकडे पाहिलं आणि झुलत राहिली.

"नाही थांबवत," कोसिमा सावेरियोला म्हणाली. "आज नाही, ईस्टरनंतर नाही, कधीच नाही. तुम्हाला उशीर होतोय, तुम्ही चालायला लागा."

सावेरियोनं काठी उचलली. मारायला नव्हे, कुणाला तरी बोलवायला असेल. पण काठी वर असतानाच खटखटा वाजला.

इतक्या जोरानं तो कधी वाजला नव्हता. एका खटक्यात सावेरियोला कडेला सरावं लागलं, कारण खटखटा वाजल्यावर वाट अडवायची नाही हा नियम त्याला सगळ्यांत जास्त ठाऊक. मेस्त्रींचा डावा पाय उचलला, मग उजवा, आणि ते डोलत पुढे निघाले. टोपडं वळलं नाही. माफी नाही, नजर नाही, काही नाही. मागच्या जोड्या हलल्या, बँडनं सूर पुन्हा धरला. जोडीमागून जोडी त्या खुर्चीसमोर येत होती, जागेवर डोलत होती आणि पुढे जात होती, आणि दोघी मायलेकी आपल्या झुलत होत्या. शेवटची जोडी वळणापलीकडे जाईपर्यंत उन्हं उतरली होती. तोवर त्यांना थांबा म्हणायला कुणीही आलं नाही.